दिसले तितके

पहाटे पाच वाजून दहा मिनिटं.
सरोवर म्हणायचं, पण पलीकडचा काठ
ही नुसती ऐकीव गोष्ट.
उद्यानाचं हे टोक भराव घालून केलेलं,
पाडलेल्या घरांच्या विटा
लाटांनी बटाट्यासारख्या गोल केल्यात.
त्यांच्यावर इलोन्का बार्था घडीची खुर्ची मांडते.
खुर्ची डुगडुगते. ही तशीच बसते
आणि वहीत लिहिते: वारा दक्षिणेचा.

डेझमंड क्वाशीनं बंदरात क्रेन चालवली, एकतीस वर्षं.
वरून येणारं काहीही त्याला आधी दिसतं.
"चिमणीच्या डावीकडे," तो म्हणतो.
आपण बघेतो तिथे एक रेघ असते,
मग रेघेला गाठी पडतात,
गाठींना पंख,
पंखांपुढे खाली वाकलेली लांब चोच.
व्हिंब्रेल.
काल संध्याकाळी व्हर्जिनियाच्या खाजणात
खेकडे फोडत असतील.
इथे उतरत नाहीत. इथे त्यांचं काही काम नाही.
मे संपता संपता आठ दिवस
या टोकावरून उत्तरेला जातात, बस्स.

मोजायची रीत अशी:
एकेक मोजू नये, तेवढा वेळ कोणी देत नाही.
दहा डोळ्यांत भरून घ्यावेत,
दहा केवढे असतात ते एकदा बसलं मनात
की त्याच मापानं पुढचा थवा मापावा,
पायलीनं धान्य मापावं तसा.
शेवटी उरतात ते सुटे.
भांडणं सुट्यांवरून होतात.

"एकशे सत्तेचाळीस."
"पंचेचाळीस. मागचे दोन पाणकावळे."
"पाणकावळे मला कळतात, डेझमंड."
थोडा वेळ कोणी बोलत नाही.
वहीत एकशे पंचेचाळीस.

शाळेनं लावलेले सेवेचे चाळीस तास
भरून काढायला लिगाया येते, पहिल्या बसनं.
हातमोज्याचा अंगठा तिनं कापलाय,
मोजणीच्या यंत्राचं बटण नीट दाबता यावं म्हणून.
पहिल्या दिवशी विचारलं होतं तिनं,
"मोजून होतं काय?"
इलोन्कानं थर्मासचं झाकण पुढे केलं,
"चहा घे. गोड नाहीये."

सहाव्या दिवशी धुकं.
थंड पाण्यावर ऊबदार हवा येऊन बसली,
दोन हातांवरचा खडक दिसेना,
दुर्बिणीत नुसतं दूध.
डेझमंड म्हणाला, जाऊ या.
खुर्ची मिटली, अर्धी,
आणि वरून शिट्टी आली.
एकाच सुरातली, घाईची, सहा-सात तुकड्यांची.
मग तिच्या मागे दुसरी,
मग डावीकडून, मग थेट टोप्यांवरून,
इतक्या खालून की पंखांची हवा कळावी.
तिघं मान वर करून, तोंडं उघडी,
भिजलेल्या भुवया.
चाळीस मिनिटं.
कुणालाही एक पीस दिसलं नाही.

"दोनशे बारा," लिगाया म्हणाली.
"कसे?"
"प्रत्येक हाकेला दाबलं."
"एक पाखरू किती वेळा हाक मारतं, माहीत आहे तुला?"
"नाही. तुम्हाला?"

डेझमंड हसला, मग खोकल्यात लपवलं.
वहीच्या पहिल्या पानावरच नियम लिहिलाय:
दिसले तितके.
इलोन्कानं पेन्सिलीनं शून्य काढलं,
त्याच्यावरून दोनदा फिरवलं.
शेऱ्याच्या रकान्यात एकोणीस वर्षं
वारा, ढग, लाटा, याखेरीज काही नाही.
ती बराच वेळ त्या रकान्याकडे बघत राहिली.
मग लिहिलं: धुकं. आणि पूर्णविराम द्यायचा राहिला,
की दिला नाही.

कुत्रा घेऊन आलेल्या माणसानं विचारलं,
"मिळालं का काही?"
मासे धरणाऱ्यांना विचारतात तसं.
"आज नाही," डेझमंड म्हणाला.

परतीच्या बसमध्ये
लिगायाच्या खिशात यंत्र आहे.
उद्या सकाळी ते शून्यावर आणावं लागेल,
बाजूची कळ अर्धा फेरा फिरवली की झालं.
अंगठा कळीपासून लांब धरून
ती खिडकीतून बघते:
शहर, दिवे, धुक्यात गेलेले वरचे मजले.